स्काइद्रीतेचं कुलूप

चुंबक स्ट्रॉबेरीच्या आकाराचं होतं,
फ्रिजच्या दारावर लावतात तसलं.
पॅकिंग मशीनच्या दारावरच्या स्विचला
कुणी तरी ते खोक्यांच्या टेपनं चिकटवलं होतं.
मशीनला वाटत होतं, दार बंद आहे.
दार सताड उघडं होतं.

मी ते काढून खिशात टाकलं.
वहीत लिहायचं होतं कोणी, कधी, कितीदा.
पान कोरं ठेवलं
आणि रात्रपाळीत उपड्या क्रेटवर बसून राहिले,
धुरावलेल्या माशांचा वास केसांत,
बाहेर रीगाच्या आखातावर नोव्हेंबर.

दोन वाजेपर्यंत एकोणीसदा झाकण अडकलं.
एकोणीसदा तेच: दार, चेपलेला डबा, दार, हिरवं बटण,
आणि भिंतीवरचा तांबडा आकडा
मागे, अजून मागे.
त्या आकड्यावर बोनस.
विसाव्या खेपेला माझ्याकडे न बघता स्काइद्रीते म्हणाली,
"स्ट्रॉबेरी माझी. नातीनं दिलेली. परत हवी."

एकतीस वर्षं हिनं डब्यात मासे रचले,
एकाचं पोट दुसऱ्याच्या पाठीला, चंदेरी, घट्ट.
मलाही हिनंच शिकवलं.
मशीनला यातलं काही ठाऊक नाही.
त्याच्या लेखी मधे आलेलं झाकण काय नि मनगट काय,
दोन्ही दाबायचीच.

सकाळी ओयार्स म्हणाला, नोटीस लावू. कडक.
मी म्हटलं, नोटिशींना भिंत उरली नाही.
झाकणाची पट्टी दोन मिलिमीटर वाकलीय,
ती आधी सरळ कर.
तो फणफणला. सुटा भाग यायला तीन आठवडे,
तोवर वेग कमी, म्हणजे नुकसान, म्हणजे मी.
पट्टी बदलली.
पाळीत दोनदा अडकू लागलं, कधी एकदा.
चुंबक पुन्हा कुणी आणलं नाही.

मग कुलपं आली. प्रत्येकीला एक, लाल.
आत शिरायचं तर मुख्य स्विच बंद करून
आपलं कुलूप आपण लावायचं,
चावी ॲप्रनच्या खिशात, दुसरी चावी नाही.
हातावर पोट असलेल्या बायका आपण,
तेव्हा आधी हात, मी म्हणाले.
कुणी हसलं नाही.
लिगितानं विचारलं, गुलाबी मिळेल का?

मे महिन्यात, शुक्रवारी, स्काइद्रीते निवृत्त झाली.
केक, नऊ ट्यूलिप, ओयार्सचं लांबलेलं भाषण.
सोमवारी सहा वाजता मशीन सुरू होईना.
स्विचवर एक कुलूप, त्यावर नेलपॉलिशनं 'स्का'.
शेवटची साफसफाई करून
ती ते तिथंच विसरून गेली होती.

ओयार्स लोखंड कापायची कात्री घेऊन आला.
"आत कुणी नाही, दिसतंय ना!"
दिसत होतं.
तरी मी स्विचला पाठ लावून उभी राहिले.
तो मला ढकलू शकला असता.
त्यानं घड्याळाकडे पाहिलं, मग फोन लावला.
ती बटाटे लावत होती.
बस सात चाळीसची.

दोन तास पट्टा निपचित.
आम्ही अकराजणी, हात खिशात घालून उभ्या.
छपरावर समुद्रपक्षी चालतात तेव्हा पत्रा वाजतो,
हे इतक्या वर्षांत मला ठाऊकच नव्हतं.

ती चिखलाच्या बुटांनी आली.
कुणाशी बोलली नाही, स्विचकडेही गेली नाही.
आधी मशीनचं दार उघडलं, कमरेत वाकली,
आत नीट पाहिलं,
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
खालीसुद्धा.
मग चावी फिरवली.

कुलूप तिनं आपल्या पिशवीत टाकलं.
खरं तर ते कंपनीचं.
मी वहीत लिहिलं नाही.
स्ट्रॉबेरी माझ्या खणात आहे, तिनं मागितली नाही.