कळ

वारा सेकंदाला बावीस मीटर.
क्लाइपेदा बंदर बंद,
पहाटेपर्यंत एकही जहाज आत येणार नाही.
म्हणजे आज कीबोर्ड उघडायचा.

दांगुओले खिशातून चिमटा काढते,
दोन वाकवलेल्या तारा, एक लाकडी मूठ.
प्लास्टिकचा स्वस्त पडतो,
पण तो कडेला ओरखडे पाडतो,
हे ती एकदाच शिकली, शिफ्टच्या कळीवर.

एकेक टोपी वर येते, कट्.
खाली ग्विदास.
म्हणजे ग्विदासच्या सूर्यफुलाच्या बियांची टरफलं,
काळ्या पावाचा चुरा, मीठ,
आणि एक करडा केस, तो बहुधा तिचाच.
नऊ वर्षं दोघं एकाच खुर्चीत बसतात,
तो दिवसा, ती रात्री.
भेट फक्त जिन्यात, सहाला.
‘वारा?’
‘वारा.’
पण त्याचं जेवण तिला पाठ आहे.

अंड्यांच्या खोक्यात स्विच मांडते.
ब्रश शून्य नंबरचा, मुलीच्या रंगपेटीतला
(मुलगी आता बर्गेनला, मासे गोठवते).
वंगण थोडंच लावायचं.
जास्त झालं तर कळ चिखलातून पाय काढल्यासारखी वर येते,
कमी झालं तर दाताखाली खडा.
स्प्रिंगा मात्र पिशवीत घालायच्या, वर तेलाचे चार थेंब,
तोंड बांधून खळखळ हलवायच्या.
रेडिओवर नांगर टाकून थांबलेलं एक जहाज विचारतं,
‘क्लाइपेदा, हा आवाज कसला?’
‘गारा,’ ती म्हणते.

स्पेसची लांब पट्टी खुळखुळते आहे.
तिच्या तारेखाली प्रथमोपचार पेटीतली चिकटपट्टी,
नखाएवढी कापून.
नियम म्हणजे नियम, पेटीच्या वहीत लिहिते:
पट्टी एक. जखम किरकोळ.

मागच्या महिन्यात तिनं
प्रत्येक टोपीत रबराची कडी बसवली होती,
खाली जाड नमद्याची गादी अंथरली होती.
रात्री खोलीत तेवढाच एक आवाज,
जागी आहेस ना, जागी आहेस ना,
तो तिला नको झाला होता.

मग कीबोर्डखाली चिठ्ठी सापडली. तिरकं अक्षर.
‘डाव्या कानानं ऐकू येत नाही मला.
डॉक्टरला माहीत आहे, ऑफिसला नाही.
उजव्यावर हेडफोन.
कळ बसली की नाही ते मनगटाला कळायचं,
टेबलातून.
आता कळत नाही. बघ.’

‘बघ’ एवढंच. कृपया नाही, सही नाही.

चिठ्ठी तिनं टरफलांबरोबर टाकली नाही,
चार घड्या करून चिमट्याच्या खणात ठेवली.

आज एकशे चार कड्या काढते,
मोहरीच्या रिकाम्या बरणीत भरते.
एस्केपची राहू देते. तिथे कोण जातं?
गादी गुंडाळून लॉकरमध्ये.
रात्री अंथरायची, पहाटे उचलायची,
बिछान्यासारखी.

राहिली चारची कळ.
हिच्यावर तो टिंबवाला ए असायचा,
तिच्या नावाचं शेवटचं अक्षर,
नऊ वर्षं सही करून करून पुसलेलं.
नव्या टोप्या शेन्झेनहून आल्या,
चारवर नुसता डॉलर.
ती पर्समधून नखांचा रंग काढते,
आधी ए, जरा वाकडा झाला,
मग श्वास धरून
टिंब.

सगळं जोडून झालं तर एक स्विच उरला.
कुठला, ते सापडेना.
सगळ्या कळा चालतात.
तो तिनं खिशात टाकला.

सहाला जिन्यात.
‘वारा?’
‘पडला.’
तो वर, ती खाली.
शेवटच्या पायरीवर ती
लोखंडी कठड्यावर तळवा टेकते.
काहीच लागत नाही हाताला.
तीन मजले आहेत मध्ये, लागणार कसं?

तरी उभी राहते,
आठ नंबरची बस दोनदा हॉर्न देईपर्यंत.