बेचाळिसावा खळगा

एकवीस वर्षं मी ग्रोनिंगनमध्ये बस चालवली.
घंटी वाजली की थांबायचं,
कोण उतरतंय ते विचारायचं नाही.
आता मंगळवारी आणि गुरुवारी
लोकांच्या भांडणांत जाऊन बसते, बिनपगारी.
पिशवीत दोन पेनं, कोरा कागद
आणि बिस्किटांचा पुडा,
तोंडात काही असलं की माणूस
निदान तेवढा वेळ गप्प राहतो.

विरसेमाबाई दुसऱ्या मजल्यावर.
मी कोट काढायच्या आत त्यांनी बोट वर केलं.
पलंगाच्या बरोब्बर वर, छताच्या गिलाव्यात खळगे.
मोजले. एकेचाळीस.
"झाडूच्या दांड्याचे," म्हणाल्या,
वाण्याची वही दाखवावी तसं.
वरच्या पोराने गालिचा उखडला, लॅमिनेट टाकलं,
तेव्हापासून पहाटे चारला खुर्ची ओढतो.
रविवार सोडून रोज.
पोलिसांना फोन झाले, गृहसंस्थेला पत्रं झाली,
जिन्यात चिठ्ठ्या झाल्या,
शेवटची नुसती तीन शब्दांची, ते शब्द मी इथे लिहीत नाही.
"ऐकू येतं हो मला सगळं.
ऐकून कोण घेतं?"

युरियन साखर कारखान्यात, रात्रपाळीला.
बिटाचा हंगाम,
अंगाला उकडलेल्या मातीचा वास.
घरी येतो, बूट काढायला खुर्ची ओढून बसतो, एवढंच.
"आणि ती खालून ठोकते ते?
आई गेली त्या रात्रीसुद्धा ठोकलं तिने."
माझ्या फॉर्मवर तारीख, वेळ, त्रासाचा प्रकार
असे रकाने होते.
हे त्यातल्या कशात बसेना.

पुढचं मला कुणी शिकवलं नव्हतं.
त्याला खाली नेलं, बाईंच्या पलंगाच्या कडेला बसवलं,
वर जाऊन त्याची खुर्ची मी ओढली.
एकदाच.
खाली आले तर मान वर करून बसलेला,
"एवढं?" म्हणाला.
मग बाईंना वर धाडलं,
कठडा धरत, दर पायरीला काहीतरी पुटपुटत गेल्या,
आणि झाडू मी उचलला.
बेचाळिसावा खळगा माझा.

उतरल्या तेव्हा लगेच बोलल्या नाहीत.
"तळव्यांतून येतं ते," म्हणाल्या.
मग, "खिडकीतला तो फोटो?"
"आईचा."
"कधी?"
"फेब्रुवारीत."
बाई छताकडे बघत राहिल्या,
त्या खळग्यांतला नेमका कुठला,
ते ओळखू येणार असल्यासारख्या.

माफी कुणी मागितली नाही.
क्वचितच मागतात; मी वाट बघणं सोडलंय.
ठरलं ते इतकंच:
खुर्चीच्या पायांना फेल्टच्या चकत्या,
बूट दाराबाहेर,
आणि ठोकण्याऐवजी फोन.
चकत्यांचं पाकीट दोन युरो ऐंशीचं.
बाईंनी एक चाळीस मोजून टेबलावर ठेवले.
नको म्हटलं असतं तर नवं भांडण,
म्हणून त्याने मुकाट खिशात टाकले.

मे महिन्यात त्याच इमारतीतून अर्ज आला.
पोटात गोळा आला माझ्या.
तळमजल्यावरचे पोपमा
मागच्या अंगणात रोज संध्याकाळी मांस भाजतात,
धूर सरळ वर, सांगून ऐकत नाहीत.
तक्रारदार: विरसेमा, दुसरा मजला.
खाली, त्याच पेनाने,
युरियन, तिसरा.

दुकानात गेले,
बिस्किटांचा मोठा पुडा घेतला.