गैरहजर

नेरिसच्या नावापुढे मी फुली मारते.
कारण : सहल. मंजुरी : नाही.
दंडाचं पत्र छापताना प्रिंटर अडकतो,
दोनदा.

तिचा बाप ग्विलिम ऑगस्टभर
पोर्थकॉलला लोकांच्या सुट्टीच्या चादरी धुतो,
कॅरॅव्हॅनमधली वाळू झाडतो.
त्याची स्वतःची सुट्टी उगवते नोव्हेंबरात,
स्वस्त, बोचऱ्या वाऱ्याची,
नेमकी भागाकाराच्या आठवड्यात.

नियम बरोबरच आहे.
मीच तो फलकावर लावला,
चारही कोपरे दाबून.

सोमवारी ती आली.
बाकी उरली ती कुठे लिहायची,
विचारत होती.
जाताना माझ्या टेबलावर शिंपला ठेवून गेली,
खिशात चेपून कड तुटलेला.

पाकिटावर पत्ता घातला.
आमचीच गल्ली,
माझ्यापासून तिसरं दार.
संध्याकाळी ग्विलिम कचऱ्याचा डबा बाहेर काढेल,
हात करेल.