पाचपर्यंत

रेंज येते ती बोडीच्या पाळीवर,
मोहाला पाठ टेकून उभं राहिलं तर दोन काड्या.
पण पुंजाबाईला पाळीवर न्यायचं कसं?
खाटेवरून ओट्यावर यायलाच तिला दम लागतो.
मग होमराजनं कवेलूवर बांबू उभा केला,
बांबूला स्वतःचा मोबाईल बांधला सुतळीनं,
अन् त्याचं नेट खाली माझ्या टॅबमध्ये उतरवलं,
मोहोळ उतरवावं तसं, हलक्या हातानं.

नागपूरच्या डॉक्टरीणबाई पडद्यावर आल्या
तशी पुंजाबाईनं पदर डोक्यावर घेतला,
विडीच्या पानांचं सूप पायानं मागे सारलं
अन् आधी विचारलं, "जेवली का वं माय?"
उत्तर आलं नाही.
मॅडमचं तोंड अर्धं उघडं, तसंच थिजलेलं.
"उपाशी असन," पुंजाबाई मला म्हणाली,
"घाई नको करू तिले."

चित्र हललं. मॅडम म्हणाल्या, "छाती ऐकवा."
मी वायरीची चकती पोलक्याच्या आत धरली.
"हे काय धडधडतंय एवढं?"
"गिरणी आहे, मॅडम. कापगत्यांची."
होमराज पळाला.
पट्टा थांबला. बायका धानाची पोती धरून उभ्या राहिल्या.
शाळेतला पाढा पंधरा सक नव्वदवर अडला.
शेजारणीनं कोंबडीवर टोपली पालथी घातली.
एका म्हातारीच्या छातीसाठी
अख्खा टोला गप्प बसला.
मयतीतही आमच्याकडे एवढं गप्प नसते कोणी.

मग म्हणाल्या, "ताई, नडगीवर अंगठा दाबा.
जोरात. पाचपर्यंत मोजू."
मी एक म्हटलं. त्यांचा एक आला
तेव्हा माझे तीन झाले होते.
त्या मधल्या जागेत
चुलबंदचा पूल होता,
साकोलीची एस.टी., अन् तिथून पुढची दुसरी,
टायर नसलेली ॲम्ब्युलन्स, तिच्या सावलीत झोपलेली कुत्री,
अन् मागल्या पोळ्यानंतर रांगेत बसून बसून
नंबर यायच्या आधी परत आलेली
हीच पुंजाबाई.
माझे पाच झाले. मी अंगठा उचलला नाही.
त्यांचा पाच येऊ दिला.

खळगा राहिला.
रोवणीत बोट काढून घेतल्यावर राहते तेवढी जागा,
फक्त आत रोप नाही.
"दिसतो का, मॅडम?"
"अंधार आहे."
बॅटरी लावली. दोघी वाकून बघत राहिलो,
मी इकडून, त्या तिकडून.
"हं. दिसला."

गोळी बदलली. पाणी मोजून प्यायचं, मीठ कमी करायचं.
"मीठ कमी म्हणते," पुंजाबाई हसली,
"अन् स्वतः जेवली का नाही, ते सांगतच नाही."
टॅब बंद झाल्यावर तिनं पाय जवळ ओढून घेतला.
"हात न लावता समजलं कसं वं तिले?"
"लावला ना हात. मी लावला."
"तू लावला. तिनं कुठी लावला?"
मला उत्तर आलं नाही.
मी उगाच तिच्या पायावरची माती झटकली.

गिरणी पुन्हा सुरू झाली.
संध्याकाळी ॲपमध्ये भरलं:
रुग्णाचा प्रवास, शून्य किलोमीटर.
माझ्या सायकलीसाठी रकानाच नव्हता.
कोंबडी मात्र दिवेलागणीपर्यंत टोपलीखालीच राहिली.
सोडायचं कोणाच्या ध्यानात नाही आलं,
इतकी ती गप्प होती.