निरंक

दिल्लीचं पत्र जिल्ह्यावरून तालुक्याला आलं
तेव्हा ती झेरॉक्सची झेरॉक्स होती,
‘व्यसनाधीन’मधला ‘व्य’ कुठेतरी वाटेत सांडलेला.
सर्व विभागांशी समन्वय साधून
अंमली पदार्थांची एकत्रित माहिती पाच वाजेपर्यंत पाठवावी.

समन्वय म्हणजे मी.
कंत्राटी, अकरा महिन्यांची.
समुद्रपूरच्या दवाखान्यात लसीच्या फ्रीजशेजारी
माझं टेबल; एका पायाखाली गोळ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा.

पोलिसांचं किलोत आलं.
औषध निरीक्षकांचं स्ट्रिपमध्ये.
शाळेचं मुलांमध्ये, तीही फक्त पटावरची.
किलोत मुलं कशी मिळवायची
हे प्रपत्रामागच्या सूचनांत नव्हतं.

उत्पादन शुल्कवाल्यांनी एकच शब्द पाठवला,
शाई ओली असतानाच घडी पडलेला,
म्हणून दोनदा उमटलेला, एकदा सुलटा, एकदा उलटा:
निरंक.
फोन केला तर म्हणाले, दारूबंदीचा जिल्हा आपला, मॅडम,
जे नाहीच ते मोजायचं कसं?
त्यांच्या आवाजामागे कुणी मुद्देमालाची खोकी सरकवत होतं.
काच काचेवर वाजत होती.

रेवताताई वाघाडे वही घेऊन आल्या.
वहीत नावं नाहीत, घरं आहेत.
‘पंक्चरवाल्याचा लहाना – सोलुशन हुंगते.’
‘निंबाजवळचं घर – पोट्टा झोपत नाही.’
‘खर्रा –’ आणि पुढे नुसती रेघ, पानाच्या टोकापर्यंत.
खर्रा कोणत्या रकान्यात टाकू, ताई?
टाकू नोको माय, टाकला त अख्खं गाव येते. तू बी येशीन.
मी ड्रॉवर गुडघ्यानं हळूच बंद केला.

चार वाजता नावं वर्णानुक्रमे लावली.
ग्यानदीप शेंद्रे, एकवीस, आरोपी, जवळ गोळ्या.
ज्ञानदीप शेंडे, एकोणीस, रुग्ण, थरकाप, सोबत आई.
द्न्यानदीप शेंदरे, बारावी, गळती, कारण स्थलांतर.
संगणक इंग्रजीत लावतो,
एक ‘जी’त गेला, दोन ‘डी’त,
मध्ये दोनशे अनोळखी माणसं.

ठाण्याचे रायटर गोंगले म्हणाले,
असू द्या तीन, आकडा भरीव दिसते.
जिल्ह्यावरून म्हणाले, डुप्लिकेट काढा.
कोणता काढू?
रुग्ण काढला तर आरोपी उरतो.
आरोपी काढला तर ठाण्याचा तक्ता चुकतो.
आणि स्थलांतर? तो तर इथून हललाच नाही,
फेब्रुवारीत याच बाकावर त्याची आई होती,
बियाण्याच्या रिकाम्या पिशवीतून तिनं स्ट्रिपा काढल्या,
म्हणाली, यावर लिहून हाय का, हे सुटते कसं?
मी वाचलं होतं. मुदत होती. किंमत होती.
बॅच नंबर होता.

तो केसपेपरवर टिपून ठेवला होता, सवयीनं.
आज पंचनाम्यात पाहिला: तोच.
औषध निरीक्षकांच्या तक्त्यात पाहिला: तोच,
समोर एका दुकानाचं नाव आणि ‘विक्री नियमानुसार’.
तीन खाती, एकमेकांना न भेटलेली,
एका बारा अंकी आकड्यावर उभी.
प्रपत्रात बॅचला रकाना नाही.

शेऱ्यात पन्नास अक्षरं मावतात.
आकडा लिहिला, दुकानाचं गाव लिहिलं,
उरलेल्या जागेत: हे तिघे एकच.
पाचला चार कमी असताना पाठवलं.
‘प्राप्त’ आलं. तेवढंच आलं.

संध्याकाळी रेवताताई वही न्यायला आल्या,
मागच्या पानांवर पोलिओची यादी हाय म्हणाल्या.
देता देता विचारलं, निंबाजवळचं घर म्हणजे
शेंदऱ्यांचं का?
मंग कोनाचं, म्हणाल्या,
आणि माझाच पेन घेऊन त्या ओळीपुढे,
जिथे आज सकाळपर्यंत काही नव्हतं,
उभ्या उभ्याच लिहिलं:
‘काल झोपला. चार तास.’