नमुना क्रमांक एक्केचाळीस

दोन दिवस बसच्या टपावर, बर्फाचं पाणी झालेलं,
अशा डब्यातून कलाचाहून नैरोबीला आल्या चाळीस नळ्या.
वीस सांडणींच्या सडांतल्या,
वीस माणसांच्या घशातल्या, बोटांच्या जखमांतल्या.
चिठ्ठ्यांवर वारिओचं अक्षर.
सांडणींची नावं पूर्ण, माणसांची अर्धी.

माझं काम मुकाट्याचं.
जंतू वाढवायचा, फोडायचा,
त्याची वीस लाख अक्षरं यंत्राकडून वाचून घ्यायची,
एकाशेजारी दुसरा ठेवायचा
आणि फरक तेवढे मोजायचे.

एलेमाच्या अंगठ्यातला पू
आणि त्याच्या दीमतूच्या, त्या तांबडीच्या, सुजलेल्या कासेतलं दूध :
वीस लाखांत
सात अक्षरं वेगळी.
इतकी जवळची भावकी
की एकाकडे गेलं तर दुसऱ्यानं सुतक धरावं.

फोनवर गुयोकाकांना सांगितलं.
ते आधी दीमतूचं घराणं म्हणून गेले,
आई, तिची आई, दुष्काळात तगलेली पणजी,
थेट हुंड्यात आलेल्या पहिल्या सांडणीपर्यंत.
मग विचारलं, “आणि या जंतूची आई कोण?”

काका, तो मधोमध चिरतो, एकाचे दोन होतात.
आई कुठली, लेक कुठली,
त्या दोघींनाही ठाऊक नसतं.

“बरं. मग कुणी कुणाला दिला?”

पडद्यावर झाड होतं, फांद्याच फांद्या.
बुंध्याच्या जागी कोरा कागद.
धार काढणारा हात सडाला लागतो,
सड हाताला.
या उसनवारीची वही कुणीच ठेवली नव्हती.
मी म्हटलं, कळत नाही.
ते हसले. “एवढी शिकलीस.”

तुलनेसाठी बाहेरचा एक नमुना हवा होता.
शहरातला, जनावरांशी संबंध नसलेला.
रात्री साडेदहाला प्रयोगशाळेत दुसरं कोण असणार?
आरशासमोर आ केला,
बोळा स्वतःच्याच घशात फिरवला.

चौदा वर्षं झाली
धुरावलेल्या विणीच्या भांड्यातलं
ते कोमट, किंचित खारट दूध पिऊन.

यंत्रानं मला बाहेर ठेवलं नाही.
दीमतूच्या शेजारची फांदी.
एकतीस अक्षरं लांब.

अहवालातून एक्केचाळीस मी वगळला.
कारणाच्या रकान्यात लिहिलं : नमुना दूषित.
मग बराच वेळ
त्या शब्दाकडे बघत बसले.