चौथं सड

पहाटे साडेचारला लाटेच्या रस्त्यावर
माझ्या स्कूटीचा दिवा आणि दोन्हीकडं ऊस.
पिशवीत स्प्रिंगचा काटा, बारा बाटल्या,
प्रत्येकीत एकेक गुलाबी गोळी,
नमुना नासू नये म्हणून.
आज मगदूमांचा गोठा. महिन्यातून एकदाच.
या खेपेला सकाळची धार मोजायची,
पुढच्या खेपेला संध्याकाळची.
उरलेली धार आणि मधले एकोणतीस दिवस
ऑफिसातलं गणित काढतं.

कैरी उभी आहे. कानात पिवळा बिल्ला, बारा आकडे.
तिचा बाप मी पाहिलेला नाही,
मगदूमांनीही नाही, कैरीनं तर नाहीच.
तो कुठंतरी सिमेंटच्या खोलीत पंख्याखाली उभा असतो
आणि तो चांगला की वाईट
हे त्याच्या लेकी ठरवतात,
चाळीस गावांत, माझ्यासारखीच्या पेन्सिलीनं.

अक्काताईंनी आधी वासरू सोडलं,
त्याशिवाय ही पान्हा सोडत नाही.
चार ढुशा, तोंडाला फेस,
मग दावं ओढून बाजूला.
तीन सडं पिळली.
बादलीचा आवाज आधी पत्र्याचा होता, मग दुधाचा झाला.
चौथ्याला हात लावला नाही.

"आणि हे?"
"ते त्येचं."
"मला पुरं दूध लिहायचंय, अक्का."
"मग लिव की. त्येच्या पोटात हाय ते लिव."

बादली वजा जाता सहा किलो चारशे.
फॉर्मवर चौथ्या सडाला रकाना नाही.
ज्यानं तो आखला त्याच्याकडं
वासरं पहिल्याच दिवशी वेगळी बांधत असतील,
गाई यंत्राला पान्हवत असतील,
चैतातल्या दुपारी पत्रा तापून
दूध दोन लिटरनं उतरत नसेल.
इथं उतरतं. नाव बापाचं खराब होतं.

सन्मती नववीला. त्याला सुचलं,
"ताई, वासरू आधी मोजू, प्याल्यावर परत मोजू."
भुसाराचा वजनकाटा फरफटत आणला,
वासराला कवेत घेऊन वर चढला.
दोघं मिळून एकाहत्तर किलो दोनशे. लिहिलं.
वासरू प्यालं, शेपूट नाचवत, गुडघे मोडून,
चौथं सड पार लोंबेपर्यंत.
परत कवेत घेताना ते मुतलं.
सन्मतीच्या चड्डीवरून, उंबऱ्यावरून, थेट गटारीकडं,
एवढंसं जनावर, थांबेचना.
काटा म्हणाला, एकाहत्तर शंभर.

पिऊन शंभर ग्रॅम घटलं.
अक्काताई खांबाला धरून हसत बसल्या.
"लिव गं, लिव! हापिसात सांग,
मगदूमाचं वासरूच दूध देतंय."

मी सहा चारशे लिहिलं.
शेऱ्यात लिहिलं, एक सड वासराला.
गेल्या महिन्यातही लिहिलं होतं.
ऑफिसातली तेजस्विनी तेव्हा फोनवर म्हणाली होती,
शेरा कॉम्प्युटर घेत नाही गं.

बाटलीत गोळी विरघळली, दूध गुलाबी झालं.
अजून नऊ गोठे आहेत आणि दूधगाडी सातला येते.
स्कूटी वळवली, तर मागून हाक,
"आणि संध्याकाळचं कोण मोजणार?"
"गणित."
"त्येला सांग," अक्काताई शेण ओढता ओढता म्हणाल्या,
"तीनच पिळ म्हणावं."